ऑपरेशन बाईचे, निर्णय घराचा

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवड तालुक्यात दुसरे मूल झालेल्या बाईला सासरी आणि माहेरी एकच गोष्ट विचारतात: ऑपरेशन केले का? तिच्या नवऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाडीला टेकून उभी असलेली चार माणसे भावाबद्दल, पावसाबद्दल, येत्या निवडणुकीबद्दल तासभर बोलतील. दोन मुलांत अंतर किती असावे, ते ठेवण्यासाठी काय वापरावे, नसबंदी आपणच करून घ्यावी का, यांतले एक वाक्यही तिथे निघत नाही. तो बायकांचा विषय समजला जातो. बायकांकडे जावे, तर विशी-बाविशीची सून खाली बघत सांगते, "मले काय माहीत माय, त्याह्यले इचारा." पुरुष म्हणतो हे बायकांचे आहे, बाई म्हणते त्यांना विचारा. या टोलवाटोलवीत आपल्या कितीतरी मुलींची विशी संपून जाते.

मूल हवे की नको, कधी हवे आणि किती हवीत, याचा शेवटचा शब्द ज्या शरीरात ते वाढते त्या बाईचा असला पाहिजे, आणि मूल न होऊ देण्याचा त्रास पुरुषाने निम्मा उचलला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज नेमके उलटे चालले आहे. निर्णय सासूचा, नवऱ्याचा, कधी जेठाचा. पोटावरचे टाके मात्र तिचे.

कुणी म्हणेल, पण लोकसंख्या तर आटोक्यात येते आहे ना? येते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला सुमारे २.१ लागतो, आपण त्याच्या खाली आलो आहोत. म्हणून लोकसंख्येच्या स्फोटाची जुनी भाषणे आता थांबवावीत. प्रश्न आहे तो ही घट कुणाच्या जिवावर झाली याचा. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. नवऱ्याने नसबंदी केली आहे, असे सांगणाऱ्या स्त्रिया शंभरात एकही भरत नाहीत. देशभरातल्या पुरुषांना विचारले, तेव्हा ३५ टक्क्यांनी सांगितले की गर्भनिरोध ही बाईची बाब आहे, पुरुषाने त्यात पडू नये. आणि जवळजवळ दर पाचांतल्या एकाचे मत पडले, की साधने वापरणारी बाई वाकड्या वाटेला लागू शकते. म्हणजे काळजी तिने घ्यायची, आणि घेतली म्हणून संशयही तिच्यावरच.

आपल्याकडे साधारण काय घडते ते क्रमाने पाहावे. मुलीचे लग्न अठराच्या आगेमागे होते. कायद्याने गुन्हा असूनही कित्येकींचे त्याआधीच होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गोड बातमी यावी, अशी दोन्ही घरांची अपेक्षा असते. नाही आली तर दोष सुनेत शोधतात. पहिल्या मुलाआधी साधन वापरावे हा विचारच कुणाला शिवत नाही. शिवलाच तर "पिशवी खराब होते, मग मूलच राहत नाही" ही धास्ती तयार असते. पहिले मूल अंगावर पीत आहे तोवर दिवस जात नाहीत, अशा भरवशावर जोडपी राहतात. हा भरवसा खरा आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला आईच्या दुधाखेरीज वरचे काही दिलेले नसावे, आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्हींपैकी एक सुटली की भरवसा सुटला. हे तिला कुणी सांगत नाही, आणि पहिले लेकरू पाऊल टाकायच्या आत दुसऱ्याची चाहूल लागते. दुसरा मुलगा झाला, तर चोविशी-पंचविशीत ऑपरेशन. मुलगी झाली, तर थांबा. "पोऱ्या झाला का मंग आपरेशन करून टाकू, तवर नको," हे वाक्य ऐकले नाही असा माणूस या भागात सापडणार नाही.

बोदवडमध्ये बाई कोणते साधन वापरते, हे तिला मुलगा आहे की नाही यावर ठरते. दवाखाना जवळ आहे की लांब, ती शिकलेली आहे की नाही, हे सगळे त्यानंतर. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२ राहिल्या. हा जिल्हा केळीचा, कापसाचा, बहिणाबाईंचा म्हणून आपण मिरवतो. हा आकडाही आपलाच आहे. कुटुंब लहान हवे पण मुलगा हवाच, या दोन हट्टांच्या मधे मुली गेल्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला राज्यात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. कायद्याने अपत्यांची संख्या बांधली, मुलग्याचा हट्ट मात्र मोकळाच राहिला, आणि मग 'दोनातच बसवा' हा दाब पुन्हा बाईच्या पोटावर आला. ज्या घराला दोन मुलींवर थांबता येत नाही, त्या घरात कितीही साधने पोचवली तरी ती कपाटातच राहतील. त्यामुळे हुंडा, मुलीचा शेतातला वाटा आणि म्हातारपणी आईबापांनी मुलीकडे राहण्याची लाज हे विषय गर्भनिरोधाच्या बाहेरचे मानता येत नाहीत.

आता अंतर ठेवण्याच्या साधनांकडे येऊ. सरकारी व्यवस्थेत ती नाहीत असे मुळीच नाही. आशाताईंकडे निरोध आणि माला-एन गोळ्या असतात. 'छाया' ही हार्मोन नसलेली गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिचा शोध लागला. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा ती घ्यायची. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत येऊ लागले. तांबी पाच वर्षांची आहे आणि दहा वर्षांचीही. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत ती बसवता येते. इतके सगळे मोफत असताना बाया घेत का नाहीत? सरकारी अहवालांत याचे उत्तर 'गैरसमज' असे एका शब्दात देतात. मला ते उत्तर अपुरे वाटते, आणि थोडे अन्यायाचेही.

तांबी वर सरकून छातीत जाते, ही अफवा आहे. गर्भाशयातून छातीकडे वाट नाही. तांबी निसटली तर बहुधा खालून बाहेर पडते. ही गोष्ट चित्र काढून पाच मिनिटांत समजावता येते. पण तांबी बसवल्यावर पहिले काही महिने अंगावरून जास्त जाते, पोटात दुखते, ही अफवा नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. तशी बाई उन्हात कापूस वेचते, पाणीटंचाईच्या या तालुक्यात डोक्यावर हंडे वाहते, आणि तिला महिन्याला आठ-आठ दिवस जात राहिले तर ती तांबी काढा म्हणणारच. तिला अडाणी म्हणून वाटेला लावणे चूक आहे. आधी तिचे हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या द्या, त्रास किती दिवस राहील ते बसवण्याआधी सांगा, आणि तरीही काढायची म्हणाली तर हुज्जत न घालता काढून द्या. तांबी सहज काढून मिळते हे गावाला कळले, की बसवायला येणाऱ्या वाढतील.

अंतराचे तसेच. या इंजेक्शनाने पाळीचे चक्र बदलते. कुणाला अधूनमधून डाग दिसतात, कुणाची पाळी काही काळ थांबते. वैद्यकीयदृष्ट्या यात बहुधा भिण्यासारखे नसते. पण आपल्या घरांत पाळी ही खासगी गोष्ट नाही. ज्या घरात सून चार दिवस बाजूला बसते, तिथे ती कधी बसली आणि कधी नाही याचा हिशेब सासूकडे पक्का असतो. पाळी चुकली तर दिवस गेले का, लांबली तर काय घेऊन आलीस, अशी चौकशी सुरू होते. मुसलमान घरांत डाग राहिला की नमाज आणि रोजा सुटतो, आणि ते घरभर कळते. म्हणजे शिवाशिवीची जुनी रूढी आज बाईच्या गर्भनिरोधाच्या आड येते. औषध बदलून हे सुटणार नाही, घर बदलावे लागेल. शिवाय इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जातात. हे आधी सांगितलेले नसले, की 'अंतराने वांझ केले' अशी बातमी गावभर होते.

निरोधाची अडचण वेगळी. छोट्या गावात मेडिकलवाला कुणाचा ना कुणाचा मामा किंवा दादा असतो. तिथे तरुण नवरा तोंड उघडत नाही. बायकोने आशाताईंकडून आणून दिला तर "मले नाही जमत ते" म्हणून मोकळा होतो. मग तिला गोळी किंवा गर्भपात. पाळी चुकली की दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरीच खाण्याचा जो प्रकार वाढला आहे, त्याच्या मुळाशी हा नवऱ्याचा संकोच आहे. या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली सुरक्षित आहेत. चोरून, किती आठवडे झाले हे न बघता घेतल्या, तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

हा प्रश्न फक्त आपला नाही. इथिओपिया, केनिया अशा देशांत बाईची नसबंदी फार थोडी होते. तिथे इंजेक्शन आणि दंडात बसवायची कांडी जास्त चालते. बायका ती का निवडतात? एक कारण असे की ती नवऱ्याला दिसत नाहीत. झांबियाची राजधानी लुसाका इथे काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भनिरोधाच्या सोयीची चिठ्ठी काही स्त्रियांना एकटीला दिली, काहींना नवऱ्यासमोर दिली. नवऱ्यासमोर मिळालेल्या स्त्रिया या सेवेकडे १९ टक्के कमी वळल्या, लपवता येतील अशी साधने त्यांनी २५ टक्के कमी वापरली, आणि त्यांना मूल होण्याचे प्रमाण २७ टक्के जास्त निघाले. नवरा जवळ असण्याने इतका फरक पडला. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांना एकटीला सोय मिळाली, त्या स्त्रिया मनाने कमी समाधानी होत्या. लपवण्याचेही ओझे असते. नवऱ्यापासून गोळीचे पाकीट डाळीच्या डब्यात लपवणाऱ्या आपल्याकडच्या बाईला हे सांगायला लुसाकाची गरज नाही. तिला आज एकटीला, गुपचूप साधन मिळण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण तिने आयुष्यभर चोरासारखे वागावे, हे कोणत्याही सुधारणेचे ध्येय असू शकत नाही. लुसाकातच पुढे बाळंतपणातले धोके पुरुषांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांच्या घरांतल्या गर्भधारणा कमी झाल्या. पुरुषाला सांगितले तर त्याला कळते. आपण त्याला सांगतच नाही.

आणि पुरुष नसबंदीला घाबरतो तो जन्मजात, हेही खरे नाही. १९७१ च्या जुलैत केरळातल्या एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. त्या काळात देशात बायकांपेक्षा पुरुषांच्या नसबंद्या जास्त होत. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या, कित्येक जबरदस्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. ते कायदा होऊ शकले नाही हे भाग्य. त्या जुलमाची आठवण पुरुषांना राहिली, सरकारलाही राहिली. सरकारने धडा घेतला तो असा, की पुरुषाच्या वाटेला जायचे नाही, बाईकडे वळायचे. ती ओरडत नाही. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांचे कुटुंबनियोजन या एका भित्र्या निर्णयावर उभे आहे.

आपल्या महाराष्ट्रात तरी याची लाज वाटली पाहिजे, कारण इथे वेगळी सुरुवात झाली होती. १९२१ मध्ये, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले, तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ते चालवले. शरीरावरचा हक्क बाईचा आहे हे त्यांचे सूत्र होते. त्यांचा एक खटला लढवणारे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. आंबेडकरांनी तयार केलेल्या त्या मांडणीत असे होते, की प्रसूतीच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलाला तो कधी तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. बाबासाहेबांची जयंती बोदवडात आणि आजूबाजूच्या गावांत वाजतगाजत होते, आणि झालीच पाहिजे. त्या व्यासपीठावरून हा १९३८ चा ठरावही एकदा वाचला जावा, असे मला मनापासून वाटते.

धर्माचे नाव पुढे करून एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्यांनाही काही सांगायचे आहे. आपल्या गावात हिंदू आणि मुसलमान शेजारी राहतात, आणि 'ते' साधने वापरत नाहीत हे वाक्य सहज फेकले जाते. देशातल्या मुसलमान स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.४ वर आला. इराणमध्ये १९८९ नंतर धर्मगुरूंच्या संमतीने कुटुंबनियोजन सुरू झाले. लग्नाआधी वधू-वरांना त्याचा वर्ग सक्तीचा होता, आणि सहाच्या वर असलेला जननदर २००० च्या सुमारास दोनवर आला. तेच सरकार पुढे उलटे फिरले आणि २०२१ च्या कायद्याने मोफत साधने बंद केली. सक्तीने नसबंदी करणारे सरकार आणि साधने हिरावणारे सरकार, दोघांनाही बाई हिशेबाच्या वहीतला आकडाच वाटते.

आपल्याकडच्या सरकारी कामात ही वही अजून गेलेली नाही. 'केस आणा' ही भाषा आरोग्य खात्यात अजून ऐकू येते, आणि मार्च जवळ आला की तिला जोर चढतो. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची शस्त्रक्रिया केली. १३ जणी मेल्या. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. शिबिर नको आणि लक्ष्यही नको. हवी आहे वर्षभर, ठरलेल्या दिवशी, साध्या दवाखान्यात मिळणारी नीट सेवा. आणि एक गोष्ट प्रत्येक बाईला तोंडपाठ हवी: केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्या नसबंदीसाठी नवऱ्याच्या सहीची गरज नाही. बाई विवाहित असावी, वय २२ ते ४९ च्या दरम्यान असावे, एक तरी मूल वर्षाहून मोठे असावे, आणि संमती तिची स्वतःची असावी. तरीही नवऱ्याला घेऊन या असे ठिकठिकाणी सांगितले जाते, आणि ती परत जाते. बाळंतपणात कळा सुरू असताना तांबीसाठी घेतलेला होकारसुद्धा होकार नव्हे. तो सातव्या-आठव्या महिन्यात, शांतपणे बसून घ्यायचा असतो.

तालुक्यात हे काम कुणी करायचे? बाईशी बोलायला आशाताई आहेत; पुरुषाशी बोलायला कुणी नाही. आरोग्यसेवक, ग्रामपंचायतीचे पुरुष सदस्य, सामुदायिक विवाह भरवणारी मंडळे, मशिदीचे इमाम, भजनी मंडळातली वडीलधारी माणसे यांनी हा विषय आपल्या तोंडाने काढला, तरच तरुणाची जीभ सुटेल. विवाह मंडळांनी लग्नाच्या आठ दिवस आधी नवरा-नवरीला डॉक्टरसमोर एक तास बसवावे. मंडपाच्या खर्चापुढे त्याला काहीच लागत नाही. हायस्कूल आणि कॉलेजातल्या मुलांना, मुलींइतकेच, शरीरविज्ञान न लाजता शिकवावे. सासवांशीही बोलावे, रागावून नव्हे. त्यांच्या स्वतःच्या अंगावर शिबिरातले टाके आहेत, आणि सुनेच्या वाट्याला तेच यावे असे त्यांच्यातल्या कितीतरी जणींना वाटत नाही.

आणि दोन मुलांच्या बापांनो, तुमच्याशी थेट बोलतो. बिनटाक्याची नसबंदी सुई टोचून जागा बधिर करून होते, दहा-पंधरा मिनिटे लागतात, भरती व्हावे लागत नाही. पुरुषाची ताकद जात नाही, संबंधात फरक पडत नाही, कारण पुरुषत्वाचे संप्रेरक त्या नळीतून वाहतच नाही. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा आत दुर्बीण घालावी लागते; तुमच्यात दोन्हीची गरज नाही. सरकार पैसेही पुरुषाला बाईपेक्षा जास्त देते. कापसाची शेवटची वेचणी झाली की माघ-फाल्गुनात हाताला थोडी उसंत असते, तेव्हा करून घ्या. दोन दिवस आराम, आठवडाभर जड ओझे उचलायचे नाही. ऑपरेशन झाल्या दिवसापासून लगेच भरवसा मात्र धरू नका. तीन महिने निरोध वापरायचा किंवा बायकोची गोळी चालू ठेवायची, आणि मग वीर्याची तपासणी करायची. ही तपासणी बरेच जण चुकवतात, आणि नंतर दिवस राहिले की संशय बायकोवर घेतात. तपासणीत शुक्राणू नाहीत असा कागद हाती आला, की त्या दिवसापासून तिची गोळी बंद करता येते.